निजवलेलं पोर आणि खेळतं पोर : पाळणाघरातल्या एका दिवसाचा इतिहास

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे लढाया, राजे, सनदा आणि मोर्चे येतात. दोन-तीन वर्षांच्या पोराचा सकाळपासून संध्याकाळपर्यंतचा दिवस हा काय इतिहासाचा विषय झाला, असे कोणीही विचारील. आमचे म्हणणे असे की, झाला. ज्या घरात आई आणि बाप दोघेही कामाला जातात त्या घरातल्या पोराने दिवसभर काय करायचे, हा प्रश्न गिरणीच्या भोंग्याबरोबर मोठा झाला. आई शेतात गेली तर पोराची झोळी बांधावरच्या झाडाला टांगता येते. साच्याशेजारी झोळी टांगता येत नाही. गिरणीत हयात काढलेल्या आमच्यासारख्याला हे पुस्तकात वाचावे लागत नाही.

आज आपल्या वस्तीतल्या कितीतरी लेकी-सुना धुण्याभांड्याला, सफाईच्या कामाला, शिवणाच्या कारखान्यात, दुकानात, हापिसात जातात. पोर कुठल्यातरी मावशीकडे, बालवाडीत, अंगणवाडीत नाहीतर पाळणाघरात असते. संध्याकाळी त्याला न्यायला गेलो की आपण दोनच प्रश्न विचारतो. "रडला का?" आणि "काही शिकवलं का?" पहिल्याचे उत्तर नाही आणि दुसऱ्याचे हो आले की आपण समाधानाने घरी येतो. मधले सात-आठ तास त्या जिवाने काय केले, याची चौकशी राहून जाते. त्या मधल्या तासांना मोठा इतिहास आहे, आणि तो कष्टकऱ्यांचा इतिहास आहे.

एका सूतगिरणीचे गाव

लहान पोरांच्या दिवसाची एक फार जुनी आणि नीट आखणी सूतगिरणीच्या गावात झाली, ही गोष्ट गिरणीकामगारांच्या लेकरांनी लक्षात ठेवावी. स्कॉटलंडमध्ये क्लाइड नदीच्या काठी न्यू लॅनार्क नावाचे गाव आहे. नदीच्या पाण्याच्या जोरावर तिथल्या गिरण्या चालत. १८०० साली रॉबर्ट ओवेन तिथला कारभारी झाला. त्या वेळी अनाथ आणि गोरगरीब घरांतून आणलेली सुमारे पाचशे मुले त्या गिरण्यांत राबत होती. ओवेनने दहा वर्षांखालचे मूल कामाला घेणे बंद केले, आणि १ जानेवारी १८१६ रोजी गिरणीच्या आवारात मुलांसाठी संस्था उघडली. पोर पायाने चालू लागले की त्याला तिथे घेत असत.

तिथे शिकवायला कोण होते? जेम्स ब्यूकॅनन नावाचा एक विणकर, ज्याचे स्वतःचे लिहिणे-वाचणे बेताचेच होते, आणि त्याच्या जोडीला मॉली यंग नावाची सतरा वर्षांची पोरगी. मोठे पदवीधर कोणी नव्हते. ओवेनने या दोघांना ताकीद दिली ती अशी : पोराला मारायचे नाही, धमकावायचे नाही, वाईट शब्द बोलायचा नाही. चेहरा हसरा ठेवायचा आणि आवाज गोड. पुस्तकांचा जाच करायचा नाही. रोजच्या व्यवहारातल्या वस्तू पोरांपुढे ठेवायच्या, आणि त्यांनी विचारले की गप्पा मारत मारत त्यांची माहिती द्यायची. भिंतींवर प्राण्यांची चित्रे आणि नकाशे होते. पोरे गात, नाचत, आणि हवा बरी असली की बाहेरच्या पटांगणात खेळत. पटांगणात येणाऱ्या प्रत्येक पोराला नियम एकच सांगितला जाई : आपल्या सवंगड्याला आनंद होईल असे वागायचे. चार ते सहा वर्षांच्या पोरांनी धाकट्यांची काळजी घ्यायची.

ओवेन गिरणीचा भागीदार होता, नफा कमावत होता, हे विसरायचे कारण नाही. पोरे सांभाळली गेली की आया कामावर येतात, हा हिशेब त्याला कळत होता. तरीही त्याने पोरांना नुसते कोंडून ठेवले नाही. त्यांच्या दिवसात गाणे, नाच, गप्पा आणि मोकळी हवा घातली. दोनशे वर्षांपूर्वी एक विणकर आणि एक पोरगी हे करू शकले, एवढी खूणगाठ मारून आपण मुंबईकडे येऊ.

मुंबई आणि बाळागोळी

मुंबईत पहिल्या कापडगिरणीची स्थापना १८५४ साली झाली. पुढे गिरण्या वाढल्या तशा बायाही कामाला लागल्या. त्यांचे काम मुख्यतः रिळिंग आणि वाइंडिंग खात्यात असे. १८९१ च्या फॅक्टरी कायद्याने बायांच्या कामाची मर्यादा ठरवली, तीसुद्धा दिवसाला अकरा तास. आता विचार करा. आई अकरा तास गिरणीत. जाण्यायेण्याचा वेळ वेगळा. मग अंगावर पिणारे पोर कुठे राहणार? चाळीतल्या एखाद्या म्हातारीपाशी, शेजारणीपाशी, नाहीतर मोठ्या बहिणीच्या कडेवर. ती मोठी बहीण म्हणजे सात-आठ वर्षांची चिमुरडी. आणि हेही कोणी नसले तर अफू.

होय, अफू. बाजारात तिच्या बारीक गोळ्या मिळत. लोक तिला बाळागोळी म्हणत. १९२२ च्या सुमारास डॉ. बार्न्स या डॉक्टर बाईंनी मुंबईच्या कामगार बायांच्या स्थितीची पाहणी केली. गिरणीत आणि कारखान्यात जाणाऱ्या बायांच्या शंभर बाळांपैकी अठ्ठ्याण्णव बाळांना अफू दिली जाते, असे त्यांच्या पाहणीत आले. हा आकडा वाचला तेव्हा आम्ही पान उलटून पुन्हा वाचला.

त्या बाळाचा दिवस कसा असेल? सकाळी भोंगा होण्याआधी गोळी. मग गुंगी. रडणे नाही, मागणे नाही, रांगणे नाही. अफूने भूक मरते, म्हणून दूध मागणेही नाही. संध्याकाळी आई येईपर्यंत पोर कोपऱ्यात पडलेले. भूक मेली की वाढ खुंटते. मात्रा थोडी जास्त झाली तर श्वास बंद पडून पोर हातचे जाते. "रडला का?" या प्रश्नाला त्या काळी सर्वात खात्रीचे उत्तर या गोळीने दिले होते.

त्या आयांना अडाणी म्हणून नावे ठेवणारे शहाणे लोक तेव्हाही होते. आमचे मत वेगळे आहे. खाडा केला तर पगार कापला जातो, पगार कापला तर वाणी उधार देत नाही, आणि जागं पोर एकटं ठेवलं तर ते चुलीकडे, नळाकडे, जिन्याकडे जातं. या तिन्ही गोष्टी त्या बाईला चांगल्या समजत होत्या. तिच्यापुढे दुसरी वाट कोणी ठेवलीच नव्हती.

वाट काढण्याची खटपट कायद्यातून सुरू झाली. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात कामगार बायांच्या बाळंतपणाच्या भत्त्याचे बिल आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी त्यांची मांडणी होती. १९२९ साली तो कायदा झाला. १९३१ साली मजुरांविषयीच्या रॉयल कमिशनचा अहवाल आला. पोरांना अफू देण्याच्या चालीची त्याने दखल घेतली आणि कारखान्यांत पाळणाघरे असावीत अशी शिफारस केली. १९३४ च्या फॅक्टरी कायद्याने, पन्नासपेक्षा जास्त बाया असलेल्या कारखान्यात मुलांसाठी खोली ठेवायला लावण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला. पुढे बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत असताना, १९४५-४६ च्या सुमारास, खाणींत काम करणाऱ्या बायांच्या पोरांसाठी पाळणाघरांची तरतूद झाली. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने पाळणाघर सक्तीचे झाले : हवेशीर, उजेडाची, स्वच्छ खोली, आणि पोरे सांभाळण्याचे शिक्षण घेतलेली बाई. आईने मधल्या सुटीत येऊन पोराला पाजावे यासाठी नियम करण्याची सोयही त्यात होती. १९७६ साली पन्नासचा आकडा तीसवर आला.

कायद्यात आकडा आला की मालक हजेरीपट बघून माणसे घेतो, हे कामगाराला सांगायला नको. बायांची संख्या आकड्याच्या आत ठेवली की पाळणाघराचा खर्च वाचतो. २०१७ च्या दुरुस्तीने यावर थोडा तोडगा काढला. पन्नास किंवा अधिक माणसे, मग बाया असोत की पुरुष, जिथे कामाला आहेत तिथे पाळणाघराची सोय हवी, आणि आईला दिवसातून चार वेळा पोराकडे जाता यावे, असे ठरले. पण घरकाम करणारी, नाक्यावर उभी राहणारी, घरी बसून माल शिवणारी बाई कोणत्या हजेरीपटावर आहे? तिच्या पोरासाठी गिरणीच्या फाटकाबाहेर काहीतरी उभे राहणे भाग होते.

बोर्डी आणि कोसबाड

ते उभे राहिले त्याची हकिगत थोडी मागून सांगावी लागेल. १९०७ साली इटलीत रोम शहरातल्या सान लोरेन्झो या कामगार वस्तीत डॉ. मारिया माँटेसरी यांनी एका चाळवजा इमारतीत बालगृह सुरू केले. आईबाप कामाला गेले की तिथली पोरे जिन्यांत हुंदडत, भिंती खराब करत. इमारतीच्या मालकमंडळींना भिंतींची चिंता होती, म्हणून त्यांनी खोली दिली. माँटेसरीबाईंनी त्या खोलीत दाखवून दिले की, हाताळायला योग्य वस्तू मिळाल्या तर गरिबाचे पोरही तासन्‌तास एकाग्र होऊन काम करते.

भारतात भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर काढले. ताराबाई मोडक तिथे त्यांच्याबरोबर काम करू लागल्या. पण ही बालमंदिरे शिकलेल्या, खात्यापित्या घरांतल्या मुलांना मिळत होती. साधनेही महाग. गरिबाच्या पोरांचे काय, हा प्रश्न ताराबाईंना स्वस्थ बसू देईना. १९४५ साली त्यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या, आता पालघर जिल्ह्यात असलेल्या बोर्डी गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. पुण्याच्या हुजूरपागेतली नोकरी सोडून अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या.

गावात बालवाडी सुरू झाली. पण आदिवासी पाड्यावरची आणि तेव्हा जिला हरिजनवाडा म्हणत त्या वस्तीतली पोरे तिथे येईनात. कारणे आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. तेव्हा ताराबाईंनी साधा विचार केला : पोर शाळेकडे येत नसेल तर शाळेने पोराकडे जावे. बाया वस्तीत गेल्या, अंगण झाडून घेतले आणि तिथेच पोरे जमवली. अंगणात भरते म्हणून ती अंगणवाडी. आज देशभर सरकारी पाटीवर दिसणारा हा शब्द, ज्यांना गावाच्या मधोमध जागा नव्हती त्यांच्या अंगणातून आलेला आहे.

त्या अंगणातला दिवस पोरांची आंघोळ, नखे, केस यांपासून सुरू होई. महागड्या साधनांच्या जागी शंख-शिंपले, चिंचोके, बिया, खडे, पाने, फुले आणि माती आली. पोरे बिया निवडत, शिंपले लहान-मोठे लावत, माती मळत, गाणी म्हणत, गोष्टी ऐकत.

पुढे १९५० च्या दशकात हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या मधोमध गेले. तिथे आणखी एक गोष्ट ध्यानात आली. शाळेच्या वयाच्या पोरी शाळेत का येत नाहीत? कारण त्यांच्या कडेवर धाकटे भावंड असते. ती आमची चाळीतली सात-आठ वर्षांची चिमुरडीच. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणून विकासवाडी उभी केली. भावंड पाळणाघरात, बहीण शाळेत. गुरे राखणाऱ्या पोरांसाठी कुरणावर कुरणशाळा भरली. एका पाळणाघराने दोन लेकरांचा दिवस सुटतो, हा कोसबाडचा मोठा धडा आहे. ताराबाई १९७३ साली गेल्या. अनुताईंनी १९९२ साली मृत्यू येईपर्यंत हे काम चालवले.

शहरांतही वाट निघाली. १९६९ साली दिल्लीत मीरा महादेवन यांनी बांधकामाच्या जागेवर मजूर बायांच्या पोरांसाठी फिरते पाळणाघर सुरू केले. १९७२ पासून मुंबईतही तसे काम सुरू झाले. इमारत पुरी झाली की पाळणाघर मजुरांबरोबर पुढच्या जागी जाई. आणि २ ऑक्टोबर १९७५ रोजी सरकारने एकात्मिक बालविकास योजना ३३ ठिकाणी सुरू केली. अंगणवाडी हा शब्द तेव्हापासून देशाचा झाला.

चांगला दिवस कसा ओळखावा

आता आजच्या दिवसाकडे येऊ. चांगल्या पाळणाघरात किंवा अंगणवाडीत पोर काय करते?

सकाळी आल्यावर हातपाय धुते आणि आपली चप्पल आपल्या जागी ठेवते. ही छोटी गोष्ट नाही. माझी म्हणून एक जागा आहे, हे त्याला रोज कळते. आई जाताना थोडे रडते. बाई त्याला कडेवर घेते, गप्प बस म्हणून दटावत नाही. मग मोकळा खेळ. कोणी ठोकळे रचतो, कोणी भातुकली मांडते, कोणी नुसते बघत बसतो. बघणे हेही काम आहे. नंतर सगळी गोल करून बसतात. गाणे होते, टाळ्या होतात, आज कोण आले, कोण आले नाही हे मोजले जाते. मोजणे इथे शिकले जाते, पाटीवर नंतर येते.

पोर वाटाणे आणि चवळी वेगळी करते, एका भांड्यातले पाणी दुसऱ्यात ओतते, मणी ओवते. आपल्याला वाटते, हे काय शिकणे? पण याच बोटांनी पुढे पेन्सिल धरायची आहे. बोटांत बळ येण्याआधी पेन्सिल दिली तर पोर ती मुठीत आवळते आणि रडकुंडीला येते. गोष्ट ऐकताना ते तीच गोष्ट पुन्हा मागते. बाईने कंटाळू नये. पुन्हा ऐकताना पुढचा शब्द त्याच्या तोंडून आधी येतो आणि भाषा वाढते. घरात जी बोली आहे तीत ते बोलले तर हसू नये.

मग हात धुऊन एका पंगतीत जेवण. २००९ साली अंगणवाडीच्या आहाराचे प्रमाण तीन ते सहा वर्षांच्या पोरामागे दिवसाला ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने असे ठरवले होते. कोण कोणाच्या शेजारी बसले, कोणी कोणाला वाढले, हे आपल्या लोकांनी जरूर पाहावे. पंगतीचा इतिहास आपल्याला ठाऊक आहे. जेवणानंतर झोप. ही झोप खेळून दमलेल्या पोराची असते आणि उठल्यावर ते ताजे दिसते. अंगणवाडी लवकर सुटते, पाळणाघर संध्याकाळपर्यंत चालते. तिथे उठल्यावर काही खाऊ, बाहेर धावपळ, आणि आई येण्याची वाट. मधूनमधून वजन होते, लस टोचली जाते, तक्त्यावर वाढीची रेघ पुढे सरकते. दीड-दोन वर्षांखालच्या पोराचा दिवस याहून साधा : मांडी, दूध, रांगायला स्वच्छ जमीन, आणि त्याच्याशी सतत बोलणारा माणूस.

आणि वाईट दिवस कसा ओळखावा? दोन टोकांनी. एका टोकाला, पोरे शांत राहावीत म्हणून दिवसभर टीव्ही लावलेला किंवा हातात मोबाइल दिलेला. ही आमच्या मते आजची बाळागोळी आहे. पोर रडत नाही, मागत नाही, हालत नाही. दुसऱ्या टोकाला, साडेतीन वर्षांच्या पोरापुढे वही आणि घरचा अभ्यास. आपल्या लोकांना शिक्षणाची तहान आहे आणि ती योग्यच आहे. म्हणून पोटाला चिमटा काढून आपण केजीची फी भरतो. पण सहा वर्षांखालच्या पोराचे शिक्षण म्हणजेच खेळ, हे गिजुभाई-ताराबाईंपासून २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणापर्यंत सर्वांनी मानले आहे. तेव्हा संध्याकाळी विचारायचे प्रश्न बदलू या. आज काय खेळला? कोणाशी खेळला? काय खाल्लं? कुठली गोष्ट ऐकली? पोर बोलत नसेल तर बाईला विचारा.

बाईंबद्दलही बोलले पाहिजे. अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना वर्षानुवर्षे पगाराऐवजी मानधन मिळत आले. २०२२ साली सुप्रीम कोर्टाने त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला, तोही लढल्यावर. जी बाई पंचवीस-तीस पोरांचा दिवस घडवते ती कामगार आहे. तिच्या संपाच्या वेळी आपण कामगारांच्या घरांनी तिच्या पाठीशी उभे राहिले पाहिजे.

शेवटी हक्काची गोष्ट. १३ डिसेंबर २००६ रोजी सुप्रीम कोर्टाने आदेश दिला की, सहा वर्षांखालची किमान चाळीस मुले असलेल्या आणि अंगणवाडी नसलेल्या वस्तीने, मग ती गावातली असो वा झोपडपट्टी, मागणी केली तर तीन महिन्यांत अंगणवाडी मिळावी. अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांना आधी प्राधान्य द्यावे, असेही त्यात आहे. मागणी करायची तर हातात यादी हवी. आमची सूचना अशी की, या वर्धापनदिनानंतरच्या पहिल्या रविवारी महिला मंडळाने आणि तरुणांनी घरोघर जाऊन सहा वर्षांखालच्या पोरांची नावे, वये आणि ती दिवसभर कुठे असतात हे लिहून काढावे. आठवड्याच्या दिवशी सकाळी विहाराचे सभागृह रिकामे असते. फरशी आहे, पंखा आहे, नळ आहे, बाहेर अंगण आहे. यादी तयार झाली की ते अंगण कशासाठी वापरायचे, हे समितीच्या बैठकीत ठरवता येईल.